कोऱ्या कागदाचे सोळा दिवस

पौष लागला की आमच्या सोलापुरात हवेचा काही भरवसा राहत नाही. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा, संध्याकाळी परत स्वेटर. विजापूर रोडच्या कडेनं हुरड्याचे बोर्ड लागतात. गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहायला लागतात. आणि बरोब्बर याच दिवसांत मला कुणीतरी वेळेचं महत्त्व शिकवायला येतं.

यंदा कॉलेजचं पत्र आलंय. मुलींना कापडावरची नक्षी शिकवतात, तिथलं. ‘वेळेचे नियोजन आणि सर्जनशीलता’ या विषयावर आपण अनुभव सांगावेत, ही विनंती. पत्र येऊन तीन आठवडे झाले. मी उत्तर दिलेलं नाही. परवा तिथल्या एक तरुण मॅडम फोनवर म्हणाल्या, “मॅडम, तुमचा एवढ्या वर्षांचा अनुभव आहे, तुम्ही या विषयाला न्याय द्याल.” मला हसूच फुटलं. अहो बाई, मला बोलावताय? मला? माझ्या माहेरी विचारा, सासरी विचारा, कारखान्यात विचारा. चालढकल करणारी बाई दाखवा म्हटलं तर गल्लीतलं शेंबडं पोर माझ्या दाराकडं बोट दाखवील.

तर आता सांगतेच. भाषणात नाही, इथं सांगते. मी काम पुढं ढकलते. उद्या करते, परवा करते, बघू की, होतंय की. गेली तीस वर्षं मी चादरींच्या नक्ष्या काढते आणि त्यातली जी एखादी लोकांच्या लक्षात राहिली, ती मी लांबणीवर टाकून टाकूनच काढलेली आहे. जी वेळेत झाली ती कुठं गेली, कुणाच्या अंगावर फाटली, देव जाणे. मला याची लाज वाटायची. आता वाटत नाही.

एक कबुली मात्र आधीच देते, नाहीतर माझे यजमान हा लेख वाचून खो खो हसतील. सगळीच चालढकल काही गुणाची नसते. लाइटचं बिल मी राहू देते आणि दंड भरते, त्यातून कुठली कला निघालेली नाही. दाढ दुखत होती, आज जाते उद्या जाते करत दोन महिने काढले. दाढ गेली. तिथं मी चुकले, माझा मूर्खपणा. पण दाढेचा डॉक्टर आणि कोरा कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शाळेपासून आपल्याला त्या एकाच मापानं मोजायला शिकवलंय, माझं भांडण त्याच्याशी आहे.

शाळेचं निघालंच म्हणून सांगते. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर होता. विषय ‘बाजारातील दृश्य’. सगळ्या पोरी लगोलग तराजू आणि टोपल्या काढायला बसल्या. मी कागदाकडं बघत बसले. मला मंगळवारच्या बाजारातली एक बाई आठवत होती. ती कोथिंबिरीवर पाणी मारताना स्वतःच्या तोंडावरही मारून घ्यायची. तिचा हात नेमका कसा वळायचा, तेवढंच आठवत नव्हतं. पर्यवेक्षक बाई येऊन डाफरल्या, “झोपलीस का गं?” हात आठवला तेव्हा वीस मिनिटं उरली होती. चित्र अर्धं राहिलं. ग्रेड सी. घरी बोलणी बसली. पण त्या बाईचा हात माझ्या मनगटात आला तो आलाच. पुढं किती तरी नक्ष्यांतल्या वेली मी त्याच वळणानं काढल्यात. परीक्षेला त्याचं काय!

आता ज्या पौषाबद्दल मला बोलायचंय तो सांगते. दहा-बारा वर्षं झाली असतील त्याला.

तेव्हा मी पूर्व भागातल्या एका कारखान्यात नक्षी काढायला जायची. मालक राजेशम शेठ. घरात तेलुगू, कामगारांशी मराठी, चिडले की दोन्हीची खिचडी. जेकार्डचे आठ माग, वडिलांनी बसवलेले. माग म्हणजे नुसतं लोखंड नव्हे हो त्यांच्या लेखी. सकाळी आले की आधी आठही मागांना हात लावून तो हात कपाळाला न्यायचे आणि मगच चहा मागवायचे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळींत. चादरीची नक्षी आधी ग्राफच्या कागदावर चौकोन-चौकोन रंगवून काढावी लागते. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, त्या कार्डांची माळ मागावर चढवतात, आणि भोकाप्रमाणं धागे वर-खाली होऊन नक्षी उतरते. कागदावर रबर चालतं. पुठ्ठ्यावर चालत नाही. एकदा भोक पडलं की पडलं. आणि आमची चादर दोन्ही अंगांनी वापरायची असते. या अंगाला हिरव्यावर पांढरं फूल असलं तर त्या अंगाला पांढऱ्यावर हिरवं फूल. रंग उलटे, आणि फुलाचं तोंडही उलट्या दिशेला.

हे आम्हाला सगळ्यांना माहीत असतं. पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. तरीसुद्धा त्याच्या आदल्या दिवाळीत आम्ही जी माती खाल्ली, ती ऐका.

एका पतसंस्थेचा पन्नासावा वर्धापनदिन. आमच्याकडं कुणाचाही सत्कार म्हणजे चादर पाहिजेच. शाल गावोगाव मिळते, चादर सोलापूरची. त्यांना दोनशे चादरी हव्या होत्या, मधोमध मोठ्या अक्षरांत ‘सुस्वागतम्’. दिवस कमी. शेठ म्हणाले, “बाई, दोन दिवसांत ग्राफ पाहिजे. तुमचं ते बघू-बिघू चालणार न्हाई ह्या वेळी.” मी म्हटलं, घ्या. दोन दिवसांत दिला. लोक तोंडात बोट घालतील असा वेळेत दिला. लगेच पंचिंग, लगेच माग, चादरी आदल्या दिवशी पोच. कार्यक्रमाला मी आणि शेठ दोघं नटूनथटून तिसऱ्या रांगेत. व्यासपीठावर एकेका पाहुण्याच्या खांद्यावर चादर पडायला लागली आणि मी खुर्चीतून अर्धवट उठले. निम्म्या पाहुण्यांच्या अंगावर उलटी बाजू वर होती. ‘सुस्वागतम्’ उजवीकडून डावीकडं, आरशात बघितल्यासारखं. चादर पांघरवणाऱ्याला काय कळणार सुलट कुठली? दोन्ही बाजू सारख्याच घट्ट, सारख्याच देखण्या! मागं कुणीतरी म्हणालं, “हे उर्दूत लिवलंय का ओ?” अख्खी रांग हसली. शेठ मान खाली घालून बसून राहिले.

तो ग्राफ मी काढला होता. मी! अक्षर मागं उलटं उमटतं हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण विचारायला उसंत कुणाला होती? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. चादरी परत आल्या, त्या पाठोपाठ दोन कायमची गिऱ्हाइकं गेली, आणि गावात महिनाभर आमचं हसं झालं. मला आजही कुणी ‘डेडलाइन पाळा’ म्हटलं की तो हॉल दिसतो. ती नक्षी वेळेत झाली होती हो. अगदी वेळेत.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शेठनी मला समोर बसवलं. बंगळूरच्या एका बड्या व्यापाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, की मोर, कमळ, चौकडी हे सगळं बघून आमचं गिऱ्हाईक कंटाळलंय. नवीन काही असेल तर महिनाअखेर नमुन्याची एक चादर पाठवा. आवडली तर तुमचे माग वर्षभर माझ्यासाठी चालवा.

“आन् न्हाई आवडली तर?” मी विचारलं.

“तर काय! माग भंगारात. शेडचं गोडाऊन करायचं.” शेठ खिडकीबाहेर बघत बोलले. “ल्योक म्हणतोय कवापासून. ह्या वेळेला मी पण हो म्हणलोय.”

आठ माग, त्यावर जगणारी माणसं, आणि त्या सगळ्याच्या अलीकडं माझ्या टेबलावर एक कोरा ग्राफ. घ्या आता!

पहिल्या दिवशी मी पेन्सिलींना टोकं केली. दुसऱ्या दिवशी रंगाच्या वाट्या घासल्या. तिसऱ्या दिवशी कपाटातले जुने ग्राफ काढून, झटकून, होते तसे परत ठेवले. चौथ्या दिवशी मागापाशी जाऊन उभी राहिले आणि धागा तुटला की तो कसा जोडतात ते बघत बसले, जणू मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. पाचव्या, सहाव्या दिवशी काय केलं ते आठवतही नाही. घरी मेथी निवडताना एकेक पान निवडलं. सासूबाई म्हणाल्या, “अगं भाजी करायचीय, मुंज नाही लावायची तिची.”

शेठ रोज दारात यायचे. “काय ओ बाई, झालं का?”

“होतंय की.”

“काय होतंय? कागुद तर पांढराच दिसायलाय.”

“डोक्यात होतंय.”

“डोक्यातलं मागावर चढत न्हाई ओ!”

आठव्या दिवसानंतर त्यांनी विचारणं सोडलं. ते जास्त वाईट होतं. नुसतं दारात उभं राहायचं, कागदाकडं बघायचं आणि जायचं. अकराव्या दिवशी भंगारवाला येऊन गेला. त्यानं प्रत्येक मागावर बोटानं टकटक केली आणि खडूनं फुली मारली. शेठ त्याच्या मागं मागं चालत होते. आठव्या मागाशी आले तेव्हा त्यांनी माझ्या टेबलाकडं एकदा बघितलं. मी पेन्सिल हातात धरून खाली मान घातली. त्या दिवशी मी घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले. भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू, फार भीती वाटत होती. चार मोर आणि दोन कमळं काढून टाकावीत आणि मोकळं व्हावं असं शंभरदा वाटलं. हातही शिवशिवत होता. दोन तासांत काढली असती.

काढली नाहीत. कारण कागदावर पहिली रेघ पडली की मन तिच्याच मागं जातं हे मला दिवाळीत पुरतं कळलं होतं. मग ती रेघ सजवायची, सांभाळायची, तिची बाजू घ्यायची. पहिली सुचलेली गोष्ट कधीच आपली नसते हो. ती आधीच कुणीतरी काढलेली असते. भिंतीवरची, कॅलेंडरवरची, शेजारच्या कारखान्यातली. ती तोंडाशी येते म्हणून आपण तिला हुशारी समजतो. तिला जाऊ द्यावं, दुसरीलाही जाऊ द्यावं. घोंगडं भिजत पडलंय म्हणतात ना? पडू दे की! तुमचं काय जातंय?

आमच्याकडची शेंगाची चटणी माहितीय ना? उखळात कुटत राहायची, कुटत राहायची. मिक्सरला लावली तर अर्ध्या मिनिटात होते. पण ती नुसती भुकटी. शेंगदाण्याला तेल सुटायला त्याचा वेळ द्यावाच लागतो.

चौदाव्या दिवशी मी कारखान्यात गेलेच नाही. मंद्रूपला मामाकडं गेले. चन्नप्पा मामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ, तेव्हा पासष्टीचा असेल. कपाळाला भस्म, डोक्याला टॉवेल, बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. बांधावर मला बघून म्हणाला, “नंदव्वा, कवा आलीस? आन् त्वांड का असं?”

मी सगळं सांगितलं. माग, व्यापारी, खडूच्या फुल्या. वाटलं, धीर देईल, नाहीतर चार शब्द ऐकवील. मामानं ज्वारीचं एक कणीस वाकवलं, एक दाणा काढून नखानं दाबला. पांढरं दूध आलं. “आजून दुधात हाय,” तो म्हणाला. “दोन दिसांनी हुरडा.” मग माझ्याकडं वळून, “सुम्न कुंद्र.”

सुम्न कुंद्र म्हणजे गप बस, उगीच बस. कानडीत ते रागानंही म्हणतात आणि मायेनंही. मामानं मायेनं म्हटलं.

मी दोन दिवस उगीच बसले. मामाचं बघत होते. तो रोज सकाळी रानात जायचा, एक दाणा दाबायचा आणि परत यायचा. कुणी म्हणेल काय काम केलं? काही नाही केलं. पण दाणा दाबल्याशिवाय एक दिवस गेला नाही त्याचा. घरी घोरत पडला असता तर हुरड्याचे चार दिवस निसटून गेले असते, दाणा निबर झाला असता आणि मग बसा दात मोडत. माझ्या दाढेत आणि माझ्या कोऱ्या कागदात काय फरक ते मला तिथं कळलं. दाढ मी विसरून गेले होते. कागद मी एक दिवसही विसरले नव्हते. झोपेतसुद्धा जाऊन दाबून बघत होते. याला आळस म्हणणाऱ्यांनी आधी एकदा तसं पंधरा दिवस जगून बघावं, मग तोंड उघडावं.

सोळाव्या दिवशी दुपारी आगटी पेटवली. गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं, मामीच्या तळहातावर चोळून निघालेला हिरवागार गरम हुरडा, सोबत लसणाची चटणी आणि दही. शेजारच्या हरभऱ्यात पाणी सोडलं होतं. त्या हिरव्या रानात किडे टिपत पांढरे बगळे हिंडत होते. ज्वारीवर राघूंची धाड पडली म्हणून मामानं गोफण फिरवली आणि जोरात हाळी दिली. राघू उडाले. त्या आवाजानं बगळेही उडाले. दोन्ही थवे एकदम सूर्याच्या अंगाला गेले आणि मला काही कळेना. उन्हानं पांढऱ्या झालेल्या आभाळात सगळे काळे दिसत होते. सगळ्यांच्या मागं लांब शेपूट. राघूचं तर शेपूटच, पण बगळाही उडताना मान आत घेतो आणि पाय मागं लांब सोडतो.

“मामा, ते राघू का बगळे?”

“कुटले?”

“ते, तिकडचे.”

मामानं डोळ्यावर हात धरला. मग हात खाली घेऊन परत हुरड्याला लागला. “बसू दे की त्यास्नी. बसल्याव कळतंय आपसूक. आत्ताच घाई कशापाय?”

तुम्हाला वाटेल, इथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला असेल. छे! काही पडला नाही. मी आणखी हुरडा खाल्ला, पोटाला तडस लागेपर्यंत खाल्ला, आणि संध्याकाळच्या एसटीनं घरी आले.

सतराव्या दिवशी रविवार होता. सासूबाईंनी पांघरुणांना ऊन दाखवायला काढलं. गच्चीच्या कठड्यावर आमची जुनी हिरवी-पांढरी चादर मी पसरली. तासाभरानं दुसऱ्या अंगाला ऊन लागावं म्हणून उलटी केली. हिरवं होतं ते पांढरं झालं, पांढरं होतं ते हिरवं. हजार वेळा केलेलं काम. आणि मी तशीच चादरीचं टोक धरून उभी राहिले.

एका अंगाला हिरवं रान आणि त्यावरून उडणारे पांढरे बगळे. उलटी केली की पांढरं आभाळ आणि त्यात उडणारे हिरवे राघू. एकच आकार, एकच ग्राफ, एकच कार्डांची माळ. आणि तोंडं उलटी. बगळे उजवीकडं चाललेले, राघू डावीकडं. उलट-सुलट असं काही राहिलंच नाही. ज्या उलट्या बाजूनं दिवाळीत आमची अब्रू घेतली, तिलाच मी कामाला लावलं.

सासूबाई ओरडत होत्या, “अगं, गाद्या कोण आणणार वर?” मी कधीच जिन्यावरून खाली पळाले होते. दुपारी बाराला कागदाला पेन्सिल लावली, दिवे लागायच्या वेळेला ग्राफ पुरा. एकदाही रबर लागलं नाही. लोक याला सुचणं म्हणतात. सहा तासांत सुचलं म्हणतात. मला तेच सहन होत नाही. सहा तासांचं कौतुक, आणि आधीच्या सोळा दिवसांना टंगळमंगळ? त्यातल्या आठव्या दिवशी मी मोर काढून मोकळी झाले असते तर बगळ्याला बसायला माझ्या डोक्यात जागा तरी होती का?

परवा हेच मी माझ्या लेकीला सांगत होते. ती पुण्यात नोकरी करते. तिच्या मोबाइलमध्ये एक ॲप आहे, ते दर अर्ध्या तासानं टुंग करून विचारतं, काय केलं? मी म्हटलं, कधीतरी त्याला सांग की काही नाही केलं, नुसती बसले. ती म्हणाली, “आई, तसं बटणच नाही त्यात.” बघा! माणसाच्या बसण्याला बटण नाही. सतत काहीतरी झालेलं दाखवायचं. तिच्या ऑफिसातल्या सगळ्यांचं सगळं वेळेत होतं आणि सगळ्यांचं सगळं एकसारखं दिसतं, असं तीच म्हणते. मी म्हटलं, मग?

सोमवारी सकाळी मी ग्राफ शेठपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. “पक्षी,” एवढंच म्हणाले. कागदावर एकच अंग दिसतं, दुसरं सांगून पटत नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. “राहू द्या. दिवस किती उरलेत? पंचिंगला पाठवा.” आवाजात राग नव्हता, आशाही नव्हती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी ती काडी त्यांनी धरली होती, एवढंच.

पहिली चादर मागावरून उतरली तेव्हा महिना संपायला तीन दिवस होते. शेठनी ती फरशीवर अंथरली. हिरव्यावर पांढरे बगळे. बघत राहिले. मग सवयीनं, विणकाम तपासायला म्हणून, त्यांनी एक कोपरा उचलून उलटा टाकला. हात थांबला. मग सगळी चादर उलटली. चाळीस वर्षं चादरी बघितलेला माणूस गुडघ्यावर बसून कोपरा इकडं टाकत होता, तिकडं टाकत होता. “हे जायलेत,” म्हणाले. “आन् हे यायलेत.” मग तेलुगूत स्वतःशीच काहीतरी बोलले आणि डोळे पुसले. मीही पुसले. कशाला लपवू?

नमुना बंगळूरला गेला. चौथ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला. शेठनी माझ्यासाठी तो स्पीकरवर टाकला. चादर आवडली होती. नुसती आवडली नाही, त्याच्या दुकानातल्या माणसांनी ती उलटसुलट करत अर्धा दिवस घालवला होता. मी श्वास सोडला. तेवढ्यात तो म्हणाला, “अशा आणखी चार डिझाइन लागतील. एकेकटी चादर मी दुकानात ठेवत नाही. पंधरा दिवसांत चारही पाठवा, तर वर्षाचं काम नक्की. नाहीतर मला दुसरीकडं बघावं लागेल.”

शेठनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. हो म्हणा. आता सांगते, मी हो म्हणा म्हणून मान हलवली. आठ मागांपुढं माझा सगळा ताठा कुठल्या कुठं गेला होता. चार मोर काढते, चार कमळं काढते, काय वाट्टेल ते काढते, पण हो म्हणा.

शेठनी फोन जवळ ओढला. पलीकडून “हॅलो, हॅलो” चाललं होतं.

“सायेब,” शेठ म्हणाले, “पंधरा दिवसांत चार पाहिजे असंल तर बाजारात लई लोक हायेत. ते देतील. मी पण दिलतो एकदा, दोन दिवसांत. लोक हसले.” “ही चादर आमच्या बाईंनी सतरा दिवसांत काढली. त्यातले सोळा दिवस त्या नुसत्या बसलत्या. मी डोळ्यानं बघितलंय. ते सोळा दिवस मला दुसऱ्या कुणाकडून करून मिळणार न्हाईत ओ. तुमाला पण न्हाईत.”

“मग किती दिवस?” पलीकडचा आवाज जरा चढला होता.

शेठनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, “किती सांगू?”

पंधरा म्हणा, असं अगदी ओठावर आलं होतं. पण त्या माणसानं आपले आठही माग माझ्या नुसत्या बसण्यावर लावले होते, आणि आता मी खोटं बोलले असते तर मला स्वतःचं तोंड बघवलं नसतं.

“माहीत नाही म्हणून सांगा,” मी म्हटलं.

शेठनी हात काढला. “सायेब, माहीत न्हाई म्हणतायत,” ते म्हणाले, आणि खुर्चीला टेकून निवांत बसले.

त्या चारांतली चौथी नक्षी द्यायला मला सात महिने लागले. व्यापारी तोवर थांबला, आणि आठही माग जागेवर राहिले.